वाडगे एक की दोन?

एका भांड्यातून खाणे हे आपण प्रेमाचे लक्षण मानत आलो आहोत आणि वेगळे भांडे हे दुराव्याचे. दोन मित्रांचे सख्य सांगायचे झाले, तर ते एका ताटात जेवत, असे आपण म्हणतो. भाऊभाऊ विभक्त झाले की चूल वेगळी झाली, असे म्हणतो. आणि खेड्यातल्या जुन्या चहाच्या दुकानाबाहेर वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना 'वेगळे' या शब्दाला किती विषारी काटा असू शकतो हे सांगण्याची गरज नाही. तेव्हा प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटतो. एक भांडे चांगले, दोन भांडी वाईट. परंतु हा हिशेब इतका सरळ नाही, असे मला वाटते, आणि तसे वाटण्याला एक परदेशी पदार्थ कारणीभूत झाला. तो म्हणजे गोमांसाचा खिमा आणि घेवडा शिजवून, घोटून, त्यात चीज वितळवून केलेला दाट लगदा. मक्याचे तळलेले त्रिकोणी तुकडे त्यात बुडवून खातात. अमेरिकेत त्याला नाचोचे डिप म्हणतात.

पदार्थ परदेशी खरा, पण आपल्याला अगदीच परका म्हणता येणार नाही, कारण त्याचा जन्म सीमेवरचा आहे. मेक्सिकोच्या उत्तर टोकाला पिएद्रास नेग्रास नावाचे गाव आहे. रिओ ग्रांदे नदी ओलांडली की पलीकडे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातले ईगल पास. १९४३ साली पलीकडच्या लष्करी तळावरील काही अधिकाऱ्यांच्या बायका अलीकडे आल्या आणि खायला काहीतरी मागू लागल्या. त्या वेळी आचारी जागेवर नव्हता असे सांगतात. उपाहारगृहातल्या इग्नासिओ अनाया या माणसाने मक्याच्या पातळ भाकऱ्या त्रिकोणी कापून तळल्या, वर चीज पसरून भाजले आणि मुरवलेल्या मिरचीचे काप ठेवून बशी पुढे केली. इग्नासिओचे घरगुती नाव नाचो, जसा आपल्या गोव्यात इनासिओचा इनास होतो. त्या नाचोची बशी म्हणून हे नाव पडले.

ती नदी १८४८ च्या तहाने दोन देशांची हद्द ठरली. तिच्या उत्तरेला राहणारी माणसे जागची हलली नव्हती. देशच त्यांच्या अंगणातून पलीकडे सरकला. १ नोव्हेंबर १९५६ या तारखेचा अर्थ ज्या घरांत समजावून सांगावा लागत नाही, त्या घरांना हा अनुभव कसला असतो हेही सांगायला नको.

अनायाच्या मूळ बशीत मांसही नव्हते आणि घेवडाही नव्हता. टेक्सास हा गुराढोरांचा मुलूख. तिथल्या स्वयंपाकघरांत या पदार्थात दोन्हींची भर पडली. १९७६ साली टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर पातळ केलेल्या चीजबरोबर नाचो विकायला सुरुवात झाली आणि तिथून तो देशभर गेला. मेक्सिकोच्या अंतर्भागात मात्र या प्रकाराला कोणी आपले म्हणत नाही. डायना केनेडी या मूळच्या इंग्रज बाईंनी १९७२ साली मेक्सिकन पाककृतींचे एक गाजलेले पुस्तक लिहिले, त्यातही अस्सल मेक्सिकन जेवण आणि सीमेवरचे हे जेवण यांत त्यांनी स्पष्ट रेघ ओढली. आमच्या मराठीला पुण्यात हसतात आणि आमच्या कानडीला धारवाडात, तसेच हे.

वाडग्यात पडणाऱ्या जिनसांचा इतिहास पाहिला तर आणखी गंमत आहे. मका, घेवडा, मिरची, टोमॅटो हे सगळे त्या भूमीचे मूळ रहिवासी. गाय मात्र स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून गेली. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत पहिली गुरे तिकडे पोचली. उलट दिशेने मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली, आणि आज मिरचीवाचून आपला घास उतरत नाही. तिकडे वापरतात तो पिंटो जातीचा घेवडा म्हणजे अंगावर तपकिरी ठिपके असलेला दाणा. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा ज्यांनी निवडला आहे, त्यांना तो लांबचा नातेवाईक वाटेल, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो आहेच. म्हणजे या वाडग्यात घरचा यजमान घेवडा आणि पाहुणे मांस. हे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

माझी पुतणी बेळगावात टिळकवाडीत वाढली आणि आता नवऱ्याबरोबर टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओला राहते. काही महिने मी तिच्याकडे होतो. तिथे एका रविवारी फुटबॉलचा मोठा सामना पाहायला दहाबारा मंडळी जमायची होती आणि अशा दिवशी हे डिप पाहिजेच, असा तिकडचा रिवाज. मी स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसलो, त्यामुळे सगळी कृती डोळ्यांसमोर घडली.

अर्धा किलो घेवडा रात्री भिजत घातलेला होता. सकाळी ते पाणी टाकून, नव्या पाण्यात आधी दहा मिनिटे खळखळून उकळी आणली आणि मग कुकरमध्ये दाणा बोटांत चेपेल इतका मऊ शिजवला. ही पहिली उकळी चुकवायची नाही, कारण कच्च्या घेवड्यात पोट बिघडवणारे द्रव्य असते. मोठ्या पातेल्यात तेलावर कांदा चांगला तांबूस केला. मग लसूण, जिऱ्याची पूड, लाल तिखट, आणि बारीक चिरलेला टोमॅटो तेल सुटेपर्यंत आटवला. त्यात घेवडा घालून निम्मा रवीने घोटला आणि निम्मा तसाच ठेवला. दाटपणाचे रहस्य या घोटण्यात आहे. घोटलेल्या दाण्यातला पिठूळ भाग सगळ्याला धरून ठेवतो, मैदा किंवा मक्याचे पीठ लावावे लागत नाही. शिजवलेल्याचे पाणी डावाडावाने घालायचे. निवल्यावर हे मिश्रण आणखी घट्ट होते, म्हणून पाहिजे त्याहून थोडे सैल असतानाच थांबायचे.

दुसऱ्या शेगडीवर पसरट कढईत खिमा होता. त्याची तिची रीत मला आवडली. कढई चांगली तापवून खिमा पसरायचा आणि काही मिनिटे हात लावायचा नाही. आधी तो पाणी सोडतो. ते पाणी आटून तळाला तांबूस रंग धरला की मग उलटायचे. घाई केली, किंवा एकदम सगळा खिमा कोंबला, तर तो आपल्याच पाण्यात शिजतो आणि चव फिकी पडते. सुटलेली चरबी निथळून टाकायची, नाहीतर डिपवर तेलाचा तवंग येतो. चीज घरी किसलेले, आणि पातेले आचेवरून उतरवल्यावर मूठमूठ घालून ढवळायचे. उकळत्या रश्श्यात टाकले तर ते फाटते आणि तेल निराळे, दोऱ्या निराळ्या अशी अवस्था होते.

परंतु खिमा घेवड्यात पडण्याच्या आधी एक गोष्ट घडली. तिने पातेल्यातला निम्मा घेवडा काढून दुसऱ्या वाडग्यात घेतला आणि झाकून बाजूला ठेवला.

"हे कशाला? एकच कर की. ज्यांना नको ते दुसरं काहीतरी खातील," असे जावईबापू म्हणाले.

"दुसरं काय खातील? वेफर्स?" ती म्हणाली आणि झाकणावर चमचा ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही सांगा. आपण लोकांची वाटणी करतोय का?"

येणाऱ्यांत मडगावचे एक ख्रिस्ती जोडपे होते, त्यांच्या घरी हे मांस पिढ्यान् पिढ्या खाल्ले जाते. वडोदऱ्याचे एक जैन कुटुंब होते. काही मराठी तरुण होते, त्यांतले निम्मे तिकडे गेल्यावर सगळे खाऊ लागलेले. शेजारच्या मेक्सिकन आजीबाई होत्या. आणि मी होतो. मी गोमांस खात नाही. तेव्हा तिचा प्रश्न माझ्या पोटाशीही संबंधित होता.

थाळीत हा प्रश्न उद्भवत नाही. आपल्या ताटात भाजी, आमटी, कोशिंबीर आपापल्या जागी बसलेल्या असतात; नको ते बाजूला सारता येते. डिपमध्ये सगळे एकजीव असते. ते चांगले झाले म्हणजेच काही वेगळे काढता येत नाही. अशा पदार्थात एक जिन्नस कोणाला वर्ज्य असेल, तर त्याला सगळा वाडगाच वर्ज्य होतो.

एका वाडग्याच्या बाजूने मोठा युक्तिवाद आपल्याच परंपरेत आहे, तो गोपाळकाल्याचा. सगळ्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडाव्यात, एकत्र कालवाव्यात आणि उष्ट्याखरकट्याचा विचार न करता सर्वांनी खावे, ही कल्पना वारकऱ्यांनी शतकानुशतके जिवंत ठेवली. माझ्या मनातही ती खोल आहे. पण काल्याची एक न बोललेली अट आहे. त्यात प्रत्येकाची शिदोरी पडते आणि प्रत्येकाला तो खाता येतो. ज्यात माझी शिदोरी आहे पण जो माझ्या तोंडात जाऊ शकत नाही, तो काला कसा? सरमिसळ झाली म्हणजे समता आली असे होत नाही. ज्याला खाता येत नाही तो त्या आनंदाच्या मध्यभागी उपाशी उभा राहतो, आणि वर त्याच्यावर कोतेपणाचा शिक्का बसतो.

दुसऱ्या बाजूला वेगळ्या भांड्याचा इतिहास आहे, आणि तो याच मांसाशी बांधलेला आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना गोमांसभक्षण हे तिच्या मुळाशी असलेले कारण म्हणून मांडले. तो सिद्धांत कोणाला पटो न पटो, मेलेल्या गुरांचे मांस खाणारे म्हणून माणसांनाच विटाळ ठरवले गेले, हे तर आपल्या गावांनी डोळ्यांनी पाहिले आहे. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. त्याच्याही आधी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेत. कारण त्या कपाला लागलेला डाग पुसायला दुसरा उपाय नव्हता. असा इतिहास पाठीशी असलेल्या माणसाने दोन वाडगे पाहिले की त्याला टोचणार. ते टोचणे खोटे नव्हे.

मग पुतणीचा दुसरा वाडगा आणि दुकानाबाहेरची दुसरी कपबशी यांत फरक कोणता? भांड्यांची संख्या मोजून तो सापडत नाही. मला वाटते, वेगळे काय केले आहे ते आधी पाहावे. कपबशी माणसाला वेगळे करत होती. तिच्यातला चहा तोच होता, त्याच किटलीतला. फक्त ओठ निराळे ठरवले होते. पुतणीने जिन्नस वेगळा केला, माणसे एकाच टेबलाभोवती बसली. मडगावकराला घेवड्याच्या वाडग्यात हात घालायला कोणाची बंदी नव्हती आणि त्याने तो घातलाही.

वेगळेपणा कोणी ठरवला हेही पाहावे. कपबशी ज्याच्यासाठी होती त्याला कोणी विचारले नव्हते. मी गोमांस खात नाही हा माझा निर्णय आहे, तो मी माझ्यापुरता घेतला आहे. स्वतःवर घातलेले बंधन हे व्रत असते आणि दुसऱ्यावर लादलेले बंधन ही शिक्षा असते. उपवासाचे ताट निराळे असते म्हणून उपवास करणारा घरातून तुटत नाही.

आणखी एक कसोटी आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: दुसरा वाडगा किती मनापासून केला आहे? अनेक ठिकाणी शाकाहारी माणसासाठी म्हणून जे ठेवतात, ते पाहून त्याला आपण टेबलावरचे ओझे आहोत असे वाटते. पुतणीने घेवड्यात घोटण्याची, कांद्याची, जिऱ्याची मेहनत आधीच केली होती. मांस त्यावर पडायचे होते. म्हणून तिचा बिनमांसाचा वाडगाही दाट होता, चवदार होता. मांस काढून टाकलेला पदार्थ तिने केला नव्हता, मांस घालण्याआधीच पुरा झालेला पदार्थ केला होता. यजमान घेवडा आहे असे मी वर म्हटले ते यासाठी. सर्वांना चालेल ते आधी पूर्ण करावे आणि काहींना हवे ते नंतर घालावे. एवढा क्रम बदलला तर पुष्कळ भांडणे पातेल्यातच मिटतात.

या सगळ्यात सचोटीचा भाग राहतोच. शेजारच्या आजीबाईंनी वाडगा पाहून पहिला प्रश्न विचारला, "तेलात केलास की चरबीत?" त्यांच्या आईच्या घरी घोटलेला घेवडा डुकराच्या चरबीत परतत, तीच तिकडची जुनी रीत. उपाहारगृहात आपले कितीतरी शाकाहारी लोक हा घेवडा निर्धास्तपणे खातात आणि त्यात काय आहे हे कोणी विचारत नाही. चीजमध्येही वासराच्या जठरातले विरजण असू शकते. पुतणीने तेल आणि चीज दोन्ही पाहून आणले होते आणि तसे सांगितले. वडोदऱ्याच्या बाईंनी कांदालसूण आहे का, हेही विचारले. आहे म्हटल्यावर त्यांनी हसून आपल्या पिशवीतून खाकरे काढले, आणि ते पुढच्या अर्ध्या तासात इतरांनीच संपवले. यजमानाने करायचे ते एवढेच: काय घातले आहे ते खरे सांगणे. 'खाऊन तर बघ, कळणारसुद्धा नाही' असे म्हणणे हा माझ्या मते त्या टेबलावरचा सर्वांत मोठा अपमान आहे, कारण त्यात दुसऱ्याच्या मनाची किंमत शून्य धरलेली असते.

आता उलट बाजू. मला वेगळा वाडगा मिळाला, म्हणून पहिला वाडगा टेबलावरून उचला असे मी म्हणू शकतो का? इथे आपल्या मुलखात हा प्रश्न कायद्याचा झाला आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात आणि २०२१ मध्ये कर्नाटकात गोवंशहत्येचे कायदे कडक झाले. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की बैलाच्या मांसाबाबत नियम निराळा. कायदा पाळलाच पाहिजे. पण कोणते जनावर कापू नये हे कायदा सांगतो. शेजारी बसलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे हे सांगत नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. त्याच दिवसांत बेळगावातच गोरक्षण परिषद झाली आणि तिचेही अध्यक्ष तेच होते. गाईवर त्यांच्याइतकी भक्ती करणारा माणूस विरळा. तरीही 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी १९०९ सालीच भूमिका घेतली होती की, गाय वाचवण्यासाठी मी दुसऱ्याला विनवीन, पण त्याच्यावर हात उगारणार नाही. श्रद्धा ही विनवणीपर्यंत जाऊ शकते, मुठीपर्यंत नाही, हा त्याचा अर्थ मी घेतो. दुसऱ्याच्या ताटात डोकावून नाक मुरडणे ही त्या मुठीचीच सुरुवात असते.

तसेच, मी खात नाही म्हणून मला मागासलेला ठरवणाऱ्यालाही माझे उत्तर तेच राहील. एक घास खाऊन दाखव, मग तू आमचा, ही परीक्षा आणि एक घास खाल्लास म्हणून तू बाहेरचा, हा निकाल, या दोन्हींत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडे माणसाची किंमत त्याच्या घशावरून ठरते.

मी पुतणीला एवढेच सांगितले, "वाटणी टेबलाची होते, वाडग्याची नव्हे. दोन्ही वाडगे मधोमध ठेव, आणि चमचे चुकू नयेत म्हणून निराळ्या रंगाचे घे." तिने लाल आणि हिरवे चमचे काढले. एका मुलाने अर्धा चावलेला तुकडा पुन्हा बुडवला, तेव्हा मात्र मेक्सिकन, मराठी, गोवेकर सगळे एकदम ओरडले. उष्टे ही कल्पना फक्त आपलीच आहे, असा माझा समज कोणी करून दिला असता, तर तो त्या क्षणी दूर झाला असता.

हा प्रश्न टेक्सासच्या टेबलावर दिसला, तरी तो आपल्या घरांत रोज असतो, आणि बहुतेक वेळा तो खाण्याचा नसतो. आमच्या गल्लीत एका दारातून 'जेवण झालं काय?' असे विचारतात आणि समोरच्या दारातून 'ऊटा आत्री?' असे. नातवंडे शाळेत एक भाषा बोलतात, आजीशी दुसरी. दोन्ही भाषा एकत्र घोटून एकच करावी असे कोणी सुचवले, तर आपण अस्वस्थ होतो, कारण अशा घोटण्यात कोणाचा तरी दाणा दिसेनासा होतो हे आपण जाणतो. आणि दुसरी भाषा बोलणाऱ्याला पायरीवर बसवा असे कोणी म्हटले, तर त्यानेही अस्वस्थ व्हायला हवे. आपली भाषा टिकावी म्हणून आपण लढतो ते रास्त आहे. फक्त लढताना आपला वाडगा शेजाऱ्याला उघडा आहे ना, आणि त्याचा वाडगा त्याच टेबलावर आहे ना, एवढे पाहत राहावे. या दिवाळीत फराळाची ताटे शेजारी पाठवताना समोरच्या घरी काय चालते आणि काय चालत नाही, हे विचारूनच ताट भरावे. विचारण्यात संकोच कसला? विचारणे हाच आदर आहे.